पुढे हलवा

लेक: गाडी मागच्या दाराशी लावायला सांगितलीय, बाबा. पुढे अंगणात माणसं बसलीत सकाळपासून. उगाच गलका नको.

डॉक्टर: मागच्या दारानं काय जातं, विसरलीस वाटतं.

बाई: अहो, बोलू नका. नाकातली नळी सरकतेय.

डॉक्टर: मागच्या दारानं मळकी धुणी जातात आणि मढी जातात. मी अजून दोन्हींत मोडत नाही.

बाई: तुम्ही कुठल्याच दारानं जात नाही आहात. गाडी परत पाठव गं.

लेक: आई, काल फोनवर आपलं ठरलं होतं ना?

बाई: तू ठरवलंस. मी नुसतं हूं म्हटलं. हूं म्हणजे हो नव्हे, एवढं तुझ्या बापाशी संसार करून शिकले मी.

लेक: बरं, मग नीट बोलू. बस इथे, पलंगावर नको, या खुर्चीत बस. बाबांच्या हृदयाची एक झडप दगडासारखी झालीय. उघडतच नाही धड. परवा छातीत पाणी भरलं ते त्यामुळेच. इथल्या लोकांनी इंजेक्शनं देऊन ते उतरवलं, फार छान सांभाळलं. पण ते पुन्हा भरणार. आज ना उद्या भरणार. इथे त्यावर उपाय नाही. आमच्याकडे आहे. मांडीतल्या शिरेतून नवी झडप वर नेऊन बसवतात. छाती उघडावीसुद्धा लागत नाही.

बाई: आमच्याकडे म्हणतेस. मग हे हॉस्पिटल कुणाचं?

लेक: तसं नाही गं. सातही हॉस्पिटलं एकच आहेत आता. तिथलं मोठं, एवढंच.

बाई: पाटीवर एक असतील. तुला आठवत नाही, तू पोटात होतीस. ही खोली रंगवाल्याचं गोदाम होती. कोपऱ्यातली फरशी उचकटलीस तर अजून निळा रंग निघेल खालून. शिंप्याचं कापड कापायचं टेबल आणलं होतं ऑपरेशनला. वीज आज असली तर उद्या नसायची. मग सलूनमधले दोन मोठे आरसे आणून त्या खिडकीशी लावले यांनी, उन्हाची तिरीप टेबलावर पाडायला. ऊन खिडकीतून सरकायच्या आत पोट शिवून झालं पाहिजे.

डॉक्टर: एकदा नाही झालं.

बाई: तेव्हा आरसा उचलून शिंपी अंगणात उभा राहिला. ऊन जाईल तसा तोही सरकत गेला. कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत गेला बिचारा.

डॉक्टर: टेबल त्याचंच होतं ना. जीव अडकला होता त्यात.

लेक: बाबा, हसू नका. खोकला येईल.

बाई: हसू दे. एवढं सगळं ज्यानं उभं केलं, त्यालाच शेवटी दुसरीकडे नेऊन टाकायचं? जिथे कुत्रंसुद्धा ओळखत नाही त्याला?

लेक: टाकायचं कसलं, आई? मी आहे तिथे.

बाई: तू सकाळी एकदा डोकावशील, संध्याकाळी एकदा. तुला तुझा वॉर्ड आहे. मी ओळखते डॉक्टर लोकांना.

डॉक्टर: गिरणीवाला बसलाय का बाहेर?

बाई: तो कशाला हवाय तुम्हाला आत्ता?

डॉक्टर: बसलाय का?

बाई: बसलाय. पिठाचे हातसुद्धा धुतले नाहीत.

लेक: कोण हा?

डॉक्टर: त्याची बायको शेजारच्या वॉर्डात आहे. डोकं दुखतं म्हणून आली. मेंदूतल्या शिरेला फुगवटा आहे. आज फुटेल, नाहीतर वर्षानं फुटेल. इथे काही करता येत नाही. पुढे हलवा म्हणून सगळे सांगून थकले त्याला.

लेक: मग?

डॉक्टर: तो म्हणतो, डॉक्टर जातात का बघतो. गेले तर मीही नेतो. नाही गेले, तर त्यांना काहीतरी ठाऊक असणार.

बाई: म्हणजे गिरणीवाल्याच्या बायकोसाठी तुम्ही जायचं.

डॉक्टर: थांब जरा. श्वास घेऊ दे. तू सांग गं हिला. तो नियम सांग.

लेक: आईला ठाऊक आहे, बाबा.

डॉक्टर: तरी सांग.

लेक: जे इथे होत नाही, ते इथे धरून ठेवायचं नाही. पहिल्या बैठकीत बाबांनीच लिहून घेतलं होतं सगळ्यांकडून.

डॉक्टर: माझ्याखेरीज सहा डॉक्टर. सहा गावांत सहा दवाखाने. प्रत्येकाला वाटायचं, आपलंच खरं. त्यांना एका टेबलाशी बसवायचं म्हणजे बेडूक तराजूत घालायचे. एक बसला की दुसरा उडी मारतो. नदीपलीकडचा म्हणायचा, माझ्याकडे हाडांचं यंत्र आहे, मी पोटंही उघडणार. मी म्हटलं, बाबा रे, तू हाडं घे. डोळेवाल्याला डोळे दे. रक्त एका ठिकाणी साठवू. गाडी सगळ्यांची मिळून एक घेऊ. आणि ज्याच्याकडे जे होत नाही, त्यानं पेशंट सोडायचा. पोटाशी धरून बसायचा नाही.

बाई: पुरे. ओठ निळे पडायला लागले.

डॉक्टर: त्यांनी सोडले. अभिमान गिळून सोडले. पण लोक जायला तयार नाहीत अजून. तिथे गेलेला परत येत नाही म्हणतात. आता मीच इथे लोळत पडलो तर या सगळ्या साखळीचा अर्थ काय?

बाई: झालं बोलून?

डॉक्टर: झालं.

बाई: आता मी बोलते. तू बाहेर गेलीस तरी चालेल गं, नाही गेलीस तरी चालेल. तुझ्याही कामाचं आहे. अहो, लग्न होऊन आले त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातात ती तोंडावर धरायची जाळी आणि भुलीच्या औषधाची बाटली दिलीत. म्हणालात, थेंब थेंब टाक, आणि श्वासाकडे कान ठेव. मी शाळेत गाणं शिकवणारी बाई. त्या दिवसापासून झोपेची बाई झाले. पोरं रस्त्यात बघून आयांच्या पदराआड लपायची, आली झोपेची बाई म्हणून. मी कधी नाही म्हटलं नाही.

डॉक्टर: नाही म्हटलं नाहीस.

बाई: ताटावरून उठून गेलात, ते ताट झाकून ठेवलं. चार दिवस कुठेतरी जाऊ म्हणून बांधलेली बोचकी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. ही झाली तेव्हा सुईणीनं सोडवलं मला. तुम्ही भिंतीपलीकडे दुसरीचं बाळंतपण करत होतात.

डॉक्टर: तिचं अडलं होतं.

बाई: हो. तिचं अडलं होतं. माझं अडलं नव्हतं. माझं कधी अडलंच नाही, तेच चुकलं माझं.

लेक: आई, पाणी घे जरा.

बाई: नको. आत्ता बोलले नाही तर पुन्हा नाही बोलायची. अहो, तुमचं सगळं जगणं गावाला दिलंत. मी हिशेब मागत नाही, मलाही त्यातलं पुष्कळ आवडत होतं. पण मरण तरी माझ्या वाट्याला येऊ द्या. तेही गिरणीवाल्याला दाखवायला नेऊ नका.

लेक: बाबा, नळी काढू नका.

डॉक्टर: काढत नाही. नीट करतोय. तू खरं सांग. किती आशा आहे?

लेक: मूत्रपिंडं थकलीत तुमची. वय आहे. झडप बसेल, त्याची मला काळजी नाही. नंतरचे दिवस कठीण. उठाल, किंवा नाही उठणार. दोन्ही पारडी सारखीच म्हणा.

डॉक्टर: आणि इथे?

लेक: इथे एकच पारडं आहे.

डॉक्टर: दुसरा कुणी पेशंट असता तर काय सांगितलं असतंस?

लेक: जा म्हटलं असतं. एक मिनिट न घालवता.

डॉक्टर: मग?

लेक: मग काय, बाबा? रस्ता कित्येक तासांचा आहे. गाडीत काही झालं तर मीच असणार शेजारी, माझ्याच हातात असणार सगळं. डॉक्टरला विचारत असाल तर जा. लेकीला विचारत असाल तर ती म्हणते, राहा. इथेच खुर्ची टाकून बसते मी. आईच्या बाजूनं आहे मी, गाडी घेऊन आले तरी.

डॉक्टर: बरं.

बाई: काय बरं?

डॉक्टर: तू सांग.

बाई: काय सांगू?

डॉक्टर: जायचं की राहायचं. तू म्हणशील तसं. मी पुढे काही बोलणार नाही, गिरणीवाल्याचं नावही घेणार नाही.

बाई: आता विचारता होय? सगळा जन्म सरल्यावर?

डॉक्टर: आता विचारतोय.

लेक: आई, घाई नाही. गाडी थांबेल.

बाई: ही झडप बसवताना भूल देतात?

लेक: पूर्ण नाही. जरा गुंगीचं औषध. बहुतेक वेळ शुद्धीवर असतात.

बाई: मला आत बसू देतील? डोक्याशी?

लेक: आत नाही गं. बाहेर काच आहे, तिथून दिसतं. तिथे खुर्ची ठेवायला सांगेन.

बाई: काचेतून श्वास ऐकू येत नाही.

लेक: पडद्यावर दिसतो. रेघ असते श्वासाची. मी दाखवेन कुठली ते.

बाई: परवा यांच्या छातीत पाणी भरलं ना, तेव्हा तू नव्हतीस. मी इथे उशाशी होते. एवढी वर्षं माणसांचे श्वास ऐकले मी. कुठला परत येणार आणि कुठला नाही, ते कानाला कळायचं. परवाचा श्वास मी पूर्वी ऐकलेला होता. दुसऱ्यांचा. तो आज ना उद्या पुन्हा येणार म्हणतेस.

लेक: येणार.

बाई: आणि मी इथे बसून तो ऐकायचा. शेवटपर्यंत.

डॉक्टर: अगं...

बाई: तुम्ही बोलणार नाही म्हणालात. न्या यांना. गावासाठी नाही, कुणाला दाखवायला नाही. मला तो श्वास ऐकायचा नाही म्हणून न्या. आणि गाडी पुढच्या दाराशी घ्यायला सांग. माझी पिशवी भरायला वेळ लागणार नाही.

लेक: तू येणार आहेस?

बाई: मग काय इथे आरसे पुसत बसू?

(महिना उलटला आहे. हॉस्पिटलमागच्या घरात बाई आणि लेक डॉक्टरांचे कपडे आवरत आहेत.)

लेक: हे सदरे कुणाला द्यायचे?

बाई: चांगले आहेत ते वॉर्डात दे. नेसत्या वस्त्रानिशी येतात कितीतरी जण. कॉलर विरलेले इकडे टाक, फडकी करू.

लेक: हा तर नवाच आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही.

बाई: तू घेतलेला. म्हणायचे, कुठे जायचं असलं की घालीन.

लेक: गिरणीवाला भेटला मघाशी फाटकाशी. पीठ देऊन गेला. बायको घरी आलीय, जिना चढते म्हणाला. नुसता हात जोडून उभा.

बाई: मला भेटून गेली ती. डोक्याला रुमाल बांधलेला. केस उगवले की पुन्हा येईन म्हणाली, असं विद्रूप दिसायला लाज वाटते म्हणे. म्हटलं, बाई, जीव राहिला, केसांचं काय घेऊन बसलीस.

लेक: आई, एक विचारू?

बाई: सदऱ्याशी खेळणं सोड आणि विचार.

लेक: राग आहे का माझ्यावर?

बाई: कशाचा?

लेक: नेलं त्याचा. झडप उत्तम बसली. सगळे खूश होते. मीसुद्धा वेड्यासारखी पेढ्यांची भाषा करत होते. मग नवव्या-दहाव्या दिवशी छातीत जंतू शिरले आणि हातातून गेले. सारखं मनात येतं, इथे असते तर आपल्या माणसांत गेले असते. सगळं गाव भोवती असतं. तिथे कुणी नव्हतं. पलंगावर नुसता नंबर. सकाळी जो येई तो विचारायचा, आजोबा, नाव काय तुमचं. मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. आणि तू म्हणाली होतीस तसंच झालं, मी दोन वेळा डोकावण्यापलीकडे काही करू शकले नाही.

बाई: परत आणलं त्या दिवशी बघितलंस ना अंगणात? मला त्यांच्यापर्यंत पोचायला वाट मिळेना. एकजण म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा, आमच्या डॉक्टरांचं दर्शन घेऊ द्या.

लेक: तुला म्हणाला?

बाई: मला. रडत होता बिचारा, त्याला कुठलं भान. मी झाले बाजूला. इथे राहिलो असतो तर रोज तेच झालं असतं. सकाळपासून दाराशी रांग. कुणी पाया पडायला, कुणी रडायला, कुणी जाता जाता आपलं गुडघ्याचं दुखणं विचारायला. आणि हे पडल्या पडल्या गुडघा बघत बसले असते. तसल्या श्वासातही बघितला असता.

लेक: बघितला असता.

बाई: तिथे कुणी आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं दार कुणी वाजवलं नाही. बाया यायच्या, सुया टोचून जायच्या, दार ओढून घ्यायच्या. आम्ही दोघंच. काय बोलायचं या माणसाशी? पेशंटाविषयी बोलायची सवय. तिथे पेशंटच नाही.

लेक: मग काय बोलायचात?

बाई: पहिले दोन दिवस खिडकीबाहेर बघायचे. समोरच्या गच्चीवर एक माणूस कबुतरांना दाणे टाकायचा, त्याची नक्कल करायचे. मग एकदा म्हणाले, तू गाणं शिकवायचीस ना? मी म्हटलं, शिकवायचे. म्हणाले, म्हण एखादं. म्हटलं, हॉस्पिटल आहे हे. तर म्हणाले, माझं नाही, घाबरू नकोस.

लेक: म्हटलंस?

बाई: हळूच. आवाज कुठला राहायला. दोन ओळींनंतर शब्द आठवेनात. नुसत्या सुरावर पुढे नेलं. मी त्यांच्या पायाशी बसले होते, ऊन यायचं ना उशाकडून. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, तू अशी दिसतेस होय काम करताना.

लेक: म्हणजे?

बाई: अगं, ऑपरेशनच्या वेळी मी डोक्याशी, ते पोटाशी. मध्ये कापड बांधलेलं. सगळी वर्षं मी त्या कापडाच्या अलीकडे, ते पलीकडे. ते विचारायचे, श्वास कसा आहे? मी सांगायचे, ठीक आहे. माझं तोंड कधी दिसायचंच नाही त्यांना. मलाही त्यांचे नुसते हात दिसायचे, तेसुद्धा पुढे वाकले तर.

लेक: हे कधी लक्षातच आलं नाही माझ्या.

बाई: त्यांच्याही नाही. मग विचारत सुटले. पहिल्या दिवशी भीती वाटली का? कधी पळून जावंसं वाटलं का? मी म्हटलं, दोनदा. एकदा स्टँडपर्यंत गेलेही होते. कधी गं, म्हणाले. सांगितलं. तर म्हणतात, परत का आलीस? म्हटलं, एस.टी. चुकली.

लेक: खरं?

बाई: एस.टी. समोर उभी होती. त्यांनाही कळलं असावं. हात धरून ठेवला. सुई लावलेला हात होता, मी म्हटलं, दुखेल. म्हणाले, दुखू दे.

लेक: आई, तू रडतेयस.

बाई: नाही गं. धूळ आहे कपाटात. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. मी ज्यासाठी त्यांना इथे ठेवा म्हणत होते ना, ते मला तिथे मिळालं. इथे नसतं मिळालं. हे आधी ठाऊक होतं असं नाही. मी तर श्वासाला घाबरून गेले होते. तो घाबरवणारा श्वास आलाच शेवटी, चुकला नाही. पण मध्ये ते दिवस गेले.

लेक: मला एकदा तरी थांबायला हवं होतं तिथे. सुट्टी काढून.

बाई: बरं झालं नाही थांबलीस. तिघं झालो असतो की पुन्हा औषधांचं बोलणं सुरू झालं असतं तुम्हा दोघांचं.

लेक: तेही खरं.

बाई: फरशी पुसायला एक मावशी यायच्या तिथे. तुला माहीत असतील, बोटात पितळेची अंगठी घालतात त्या. फार बोलक्या. पलंगाखाली फडकं फिरवता फिरवता मला म्हणाल्या, तुमचे यजमान काय काम करायचे हो?

लेक: सांगितलंस?

बाई: माझ्या अगदी ओठावर आलं होतं सगळं. गोदाम, आरसे, सात हॉस्पिटलं. म्हटलं असतं, बाई, हे तुम्ही पुसताय ते हॉस्पिटलसुद्धा त्यांच्या साखळीतलं. त्या उठून उभ्या राहिल्या असत्या. मग सगळा मजला दाराशी आला असता.

लेक: मग काय म्हणालीस?

बाई: म्हटलं, काही नाही. घरीच असायचे.

लेक: आणि बाबा?

बाई: जागे होते. ऐकत होते. नाही म्हणाले नाहीत.